शाळेचा नकार लेखी मागा: दिव्यांग मुलांच्या शिक्षणहक्काबाबत मुंबईतील पालकांसाठी

दिव्यांग किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलाच्या पालकांना शाळेकडून मिळणारा नकार बहुधा तोंडी असतो. “आमच्याकडे तशी सोय नाही”, “त्याला विशेष शाळेतच बरे पडेल”, “वर्गात साठ मुले आहेत, बाई एकट्या किती लक्ष देणार” ही वाक्ये सौजन्याने उच्चारली जातात आणि पालक मुकाट्याने घरी परततात. माझ्या मुलीच्या वेळी मीही दोन शाळांमधून असाच परतलो. तिसऱ्या शाळेत मात्र मी प्रवेशाचा अर्ज लेखी दिला, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला, आणि प्रवेश नाकारायचा असल्यास तसे कारणासह लेखी कळवावे, अशी विनंती त्याच अर्जात केली. लेखी नकार आला नाही. आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी भेटीस बोलावले. हक्क कोणताही असो, तो मागितल्याची पोच आपल्या हाती असली पाहिजे, हे मी तेव्हा शिकलो.

अशा अर्जाला बळ मिळते ते मुख्यतः दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्यामुळे. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू असून त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे येतात. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण) यांचा त्यात समावेश आहे. त्यातील कलम 16 प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावे. शासनाचा निधी मिळणाऱ्या किंवा शासनाची मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व आवार वावरण्यायोग्य करावे, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवाव्यात आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी, असे हे कलम सांगते. येथे ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण खासगी विनाअनुदानित शाळाही मान्यतेशिवाय चालत नाही. त्यामुळे “आम्ही अनुदान घेत नाही” हे उत्तर या कलमापुढे टिकत नाही.

दुसरा आधार 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश वंचित गटात झाला, त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के राखीव जागांसाठी ती पात्र ठरतात. हा प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो. या गटाला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊकच नसते आणि ते अर्जही करीत नाहीत. मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले आहे. मुंबईत अशा शाळा पुष्कळ असल्याने त्यांना पत्र लिहिताना 2016 च्या कायद्याचाच आधार घ्यावा.

प्रमाणपत्राबाबत मोठा गैरसमज आढळतो. 25 टक्के प्रवेशासाठी, तसेच 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्यासाठी 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, हे खरे आहे. परंतु कलम 16 मधील सोयींना ही 40 टक्क्यांची अट नाही. लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्याची, सोय केवळ 40 टक्क्यांवरील दिव्यांगत्वापुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2021 मध्ये म्हटले आहे. तरीही प्रमाणपत्राचा अर्ज लांबणीवर टाकू नये. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी होते. अध्ययन अक्षमतेसाठी मुंबईतील पालक प्रामुख्याने शीव रुग्णालयाकडे वळतात. श्रवणदोषासाठी वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग संस्था आहे. अध्ययन अक्षमतेची पहिली चाळणी तिसरीत, म्हणजे साधारण 8 व्या वर्षी, शाळेतच होणे अपेक्षित असते. तिसरी सरली आणि शाळेने विषयच काढला नाही, तर पालकांनी तो लेखी काढावा. तपासणीला जाताना मागील वर्षांची प्रगतिपुस्तके, मुलाच्या हस्ताक्षरातील वह्या आणि वर्गशिक्षकांचे पत्र सोबत न्यावे, तसेच मुलाचे शिक्षण कोणत्या माध्यमातून चालू आहे हे आवर्जून सांगावे, कारण मराठी माध्यमातील मुलाचे वाचन इंग्रजी उताऱ्यावरून जोखले गेले तर निष्कर्षच चुकतो.

प्रवेश मिळाल्यानंतर “मुलाकडे लक्ष द्यावे” असे मोघम पत्र देऊ नये. त्यावर “देतोच आहोत” एवढेच उत्तर येते. वर्ग तळमजल्यावर हवा, गृहपाठ फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील मिळावा, प्रश्न वाचून दाखवावा, लेखी परीक्षेला दर तासामागे 20 मिनिटे अधिक मिळावीत, अशी प्रत्येक गोष्ट स्वतंत्र वाक्यात लिहावी. मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करून घ्यावा, त्याची प्रत मागावी आणि दर सत्रात त्यावर पुन्हा बसावे. विशेष शिक्षकांबाबतही विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये अधिसूचित केले, आणि अशा शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात केवळ त्या मुलासोबत बसणारा मदतनीस शिक्षक, स्वखर्चाने आणला तरच प्रवेश, अशी अट काही शाळा घालतात. माझ्या मते हा सरळ भेदभाव आहे आणि ती अटही लेखीच मागावी.

दहावीच्या सवलतींची तयारी नववीतच करावी. राज्य मंडळाच्या शाळांतून हा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत वाशी येथील विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिक खालच्या इयत्तेतील असावा लागतो, म्हणून तो आधीच शोधून मुलाला त्याच्यासोबत सराव करू द्यावा. सांगून लिहून घेणे हेही एक स्वतंत्र कौशल्य आहे. केंद्रीय मंडळांचे नियम वेगळे असल्याने त्यांची परिपत्रके शाळेकडून मिळवावीत.

दाद मागायची वेळ आली, तर महापालिकेच्या अखत्यारीतील प्राथमिक शाळांसाठी महापालिकेचे शिक्षणाधिकारी आणि माध्यमिक शाळांसाठी आपल्या विभागाचे शिक्षण निरीक्षक यांच्याकडे, पूर्वीच्या सर्व पोचपावत्या जोडून, अर्ज करावा.  त्यानंतरचा दरवाजा दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांचा. साक्षीदार व कागदपत्रे बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायचे असते. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मुले आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळतो.

मूल 18 वर्षांचे झाले की आई-वडिलांची सही आपोआप चालेनाशी होते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी या समितीचे अध्यक्ष असतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन स्वतंत्र जिल्हे असल्याने, आपल्या घराचा पत्ता कोणत्या जिल्ह्यात येतो हे पाहूनच अर्ज फोर्टला की वांद्र्याला द्यायचा ते ठरवावे.