क्योतोमध्ये बसआधी रेल्वेचा विचार करावा

क्योतोला जाणारे बहुतेक पर्यटक स्थानकाबाहेर पडताच बसच्या रांगेत उभे राहतात. पण वसंतात आणि पानगळीच्या हंगामात या बसगाड्या इतक्या भरलेल्या असतात की, शक्य तिथे रेल्वे किंवा भुयारी मेट्रोनेच जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. फुशिमी इनारी या प्रसिद्ध शिंतो देवस्थानासाठी क्योतो स्थानकातून जेआर (जपान रेल्वे) नारा मार्गाची लोकल पकडावी आणि दुसऱ्याच स्थानकावर, इनारीला उतरावे. जलद गाडी तिथे थांबत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. सुवर्णमंदिरासाठी, म्हणजे किंकाकुजीसाठी, कारासुमा मार्गाच्या मेट्रोने किताओजीपर्यंत जाऊन तिथून बस घेतली, तर शहरातील कोंडीचा बराचसा भाग टळतो.

शहर बसमध्ये मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे आणि भाडे उतरताना चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे, अशी पद्धत आहे. पेटी उरलेले पैसे परत देत नाही; त्यामुळे इकोकासारखे, आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासकार्ड जवळ असणे उत्तम, नाहीतर गाडी थांबलेली असताना पेटीच्या यंत्रातून १,००० येनच्या नोटेची मोड आधीच करून घ्यावी. पूर्वीचा केवळ बसचा दिवसभराचा पास आता मिळत नाही.