आरव्ही कॅम्पग्राउंडवर शेजाऱ्यांशी खटके का उडतात? या चुका टाळा

अमेरिका-कॅनडातल्या बहुतेक आरव्हींचं, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांचं, दार उजव्या बाजूला असतं. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला असते. रांगेतल्या सगळ्या गाड्या एकाच दिशेला तोंड करून लागल्या की तुमच्या डाव्या बाजूला थेट शेजाऱ्याचं अंगण येतं. तो जेवायला बसतो त्या टेबलावरून त्याला तुमचा सांडपाण्याचा पाइप दिसतो. बऱ्याचशा कुरबुरींचं मूळ इथेच आहे. नवखी मंडळी उजवी बाजू झकास मांडतात: ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत), खुर्च्या, दिव्यांच्या माळा. डावीकडे मात्र एकदा पाइप जोडले की निघायच्या दिवसापर्यंत कोणी फिरकत नाही.

हद्द चुकीची धरणं

साइटला, म्हणजे गाडी लावायला मिळालेल्या जागेला, कुंपण क्वचितच असतं. कुठे दोन झाडं, कुठे रंगवलेली पट्टी, कुठे नुसतं गवत. अशा वेळी साधा हिशोब असा: तुमची जागा तुमच्या वीज-पाण्याच्या खांबापासून, म्हणजे पेडेस्टलपासून सुरू होते आणि उजवीकडच्या शेजाऱ्याच्या पेडेस्टलपर्यंत जाते. मधे पडलेलं टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं तुमचं, मग ते शेजाऱ्याच्या गाडीला कितीही जवळ असो. डावीकडे पेडेस्टलच्या पलीकडे जे काही आहे ते तुमचं नाही.

म्हणूनच गाडी साइटच्या बरोब्बर मधोमध लावणं ही पहिली चूक. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण उजवीकडे जागा कमी पडते. ऑनिंग उघडल्यावर ८ ते १० फूट बाहेर येतं, त्यापुढे खुर्च्या मांडल्या की आपण शेजाऱ्याच्या नळाशी जाऊन बसतो. गाडी डावीकडे सरकवून लावा. मात्र स्लाइड-आउटची, म्हणजे गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या भागाची, जागा आधी मोजा. मोठी स्लाइड ३ फुटांच्या आसपास बाहेर येते आणि पेडेस्टल, नळ किंवा झाड नेमकं तिच्या वाटेत असतं. गाडी स्थिर करणारे जॅक टेकवण्याआधी खाली उतरून टेपने मोजा. स्लाइड उघडताना एक माणूस बाहेर उभा ठेवा.

काही पार्कमध्ये दोन-दोन साइट मुद्दाम उलटसुलट आखलेल्या असतात, म्हणजे दोन्ही गाड्यांची दारं समोरासमोर येतात. तिथे वरचा हिशोब चालत नाही. नकाशावर तसं दिसलं किंवा मधली मोकळी जागा नेमकी कोणाची हे कळलं नाही, तर ऑफिसात विचारा. ऑनिंग पसरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आणखी एक घोटाळा जोड पेडेस्टलचा. एकाच खांबावर दोन साइटचे सॉकेट आणि दोन नळ असतात. आपल्या साइटचा नंबर बघून, आधी ब्रेकर बंद करून, मगच प्लग लावा. शेजारची साइट रिकामी आहे म्हणून तिथलं ५० अँपिअरचं सॉकेट उसनं घेऊ नका. रात्री नऊला तिथे कोणी आलं की अंधारात तुमच्या केबली सोडवायची वेळ येते, आणि वीज मीटरवर असेल तर बिल भलत्याच्याच नावावर चढलेलं असतं.

सांडपाणी: सर्वांत जास्त राग इथे

टॉयलेटच्या टाकीचा, म्हणजे ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून राहणं ही नेहमीची चूक. पाणी वाहून जातं, घट्ट मैला तळाशी साचतो, वाळतो आणि त्याचा ढीग होतो. मग टाकी तुंबते, सेन्सर खोटं दाखवायला लागतो आणि वास सुटतो. तो वास आधी शेजाऱ्याला जातो, कारण पाइप त्याच्या बाजूला आहे.

क्रम असा ठेवा. हातमोजे घाला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना ३ इंची पाइप गाडीच्या तोंडाला लावा आणि फिरवून दोन्ही खाचा अडकल्याची खात्री करा. एकच खाच अडकली तर व्हॉल्व्ह उघडताच सगळं जमिनीवर. दुसरं टोक ड्रेनमध्ये नुसतं खुपसू नका. आटे असलेला एल्बो, म्हणजे कोपऱ्यासारखा वळलेला जोड, घट्ट बसवा, आटे नसतील तर रबरी सील लावा. उघड्या ड्रेनमधून गटाराचा वायू सतत वर येत राहतो, तुमची टाकी रिकामी असली तरी. पाइपला गाडीकडून ड्रेनकडे दर फुटाला साधारण पाव इंच उतार द्या. त्यासाठी अकॉर्डियनसारखे उघडणारे प्लॅस्टिकचे आधार मिळतात. मधे झोळ पडला की तिथे मैला साचतो.

ब्लॅक टँक दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडा. आधी ब्लॅक, तो बंद करून मग ग्रे, म्हणजे बेसिन-शॉवरचं पाणी, त्याने पाइप आतून धुऊन निघतो. एल्बो पारदर्शक घ्या, पाणी स्वच्छ येतंय का ते दिसतं. आणि वेळ बघा: शेजारी ताटावर बसलेला असताना टाकी सोडू नये, एवढं तारतम्य हवंच.

सांडपाण्याचा पाइप पिण्याच्या नळाजवळ धुऊ नका. पाइपचं तोंड नळाला टेकलं तर पुढच्या माणसाच्या पिण्याच्या पाण्यात काय जाईल, हे वेगळं सांगायला नको. पाइप लांब पडला म्हणून शेजाऱ्याच्या हद्दीतून वळसाही देऊ नका. ड्रेन बहुधा साइटच्या मागच्या अर्ध्या भागात असतो, तेव्हा गाडी चार फूट मागे-पुढे घेऊन प्रश्न सुटतो का ते आधी बघा.

पिण्याच्या पाण्याच्या पाइपची गळती किरकोळ वाटते, पण थेंब-थेंब पाण्याने दोन दिवसांत शेजाऱ्याच्या चटईखाली चिखल होतो. बहुतेक वेळा कारण एकच: जोडाच्या आतला रबरी वॉशर झिजलेला किंवा पडून गेलेला. तो बदला आणि हातानेच घट्ट करा. पाना लावून आवळलं की प्लॅस्टिकचे आटे जातात. पाण्याचा दाब कमी करणारा प्रेशर रेग्युलेटर नळाच्या टोकाला लावा. गाडीच्या टोकाला लावला तर जास्त दाबाचा सगळा ताण पाइपवर येतो आणि तो रात्रीचा फुटतो.

वीज कमी पडली की

३० अँपिअर, १२० व्होल्टच्या जोडणीवर तुम्हाला ३,६०० वॅट मिळतात. एसी १२ ते १६ अँपिअर खातो, विजेवरचा वॉटर हीटर १२ च्या आसपास, मायक्रोवेव्ह तेवढंच. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणारच. कडक उन्हात सगळी रांग एसी लावून बसली की जुन्या वायरिंगच्या पार्कमध्ये व्होल्टेजही खाली येतं. ते १०५ च्या खाली घसरलं तर एसीच्या कॉम्प्रेसरला धोका असतो, म्हणून चांगले सर्ज प्रोटेक्टर त्या सुमारास वीज तोडतात. अशा दुपारी वॉटर हीटर गॅसवर घ्या आणि मायक्रोवेव्ह लावण्यापूर्वी एसी थोडा वेळ बंद करा. ब्रेकर वारंवार पडत असेल तर पेडेस्टल उघडून बघू नका. सॉकेट काळवंडलेलं किंवा गरम लागलं तर ऑफिसला कळवून साइट बदलून मागा.

जनरेटर

वीज असलेल्या साइटवर जनरेटर लावायला कारणच नाही. वीज नसलेल्या ठिकाणी फलकावरच्या वेळा पाळा. त्या शांततेच्या वेळेपेक्षा निराळ्या आणि बऱ्याच कमी असतात, कधी सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास, बस्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलच्या वर जाणारा यंत्राचा आवाज नियमबाह्य आहे. बांधकामावर वापरतात तसले उघडे जनरेटर ही मर्यादा सहज ओलांडतात. बंदिस्त इन्व्हर्टर जनरेटर कमी भारावर तिच्या आत राहतात.

पण आवाजापेक्षा धूर जास्त घातक. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सुटा जनरेटर कोणत्याही खिडकी-दारापासून किमान २० फूट दूर ठेवायचा आणि त्याचं धुराचं तोंड गाड्यांपासून पलीकडे करायचं. हे अंतर शेजाऱ्याच्या खिडकीलाही लागू आहे. नेमकी इथे गडबड होते: माणूस स्वतःच्या दारापासून जनरेटर दूर नेतो आणि शेजाऱ्याच्या उशाशी आणून ठेवतो. २० फूट निघतच नसतील तर त्या साइटवर जनरेटर लावू नका. मोटरहोमच्या, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीच्या, अंगच्याच जनरेटरचा पाइप कोणत्या बाजूला निघतो ते माहीत करून घ्या. तो शेजाऱ्याच्या दाराकडे असेल तर धूर छतापर्यंत वर नेणारी उभी नळी जोडता येते. वारा पडला की तीही पुरत नाही.

रात्री उशिरा येणं, पहाटे निघणं

शांततेची वेळ बहुतेक ठिकाणी रात्री १० ते सकाळी ६, खासगी पार्कमध्ये ७-८ पर्यंतही. उशिरा पोचलात तर वीज जोडा, झोपण्यापुरती स्लाइड उघडा आणि थांबा. पाणी, सांडपाणी, ऑनिंग, सगळं सकाळी. जमीन सपाट असेल तर ट्रेलर ट्रकपासून सोडूच नका. रिव्हर्स घेताना मागे उभ्या राहिलेल्या माणसाशी ओरडून बोलू नका, फोन चालू ठेवा. तो माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवा. दुसरं कोणी गाडी लावत असेल तेव्हा गप्पा मारायला पुढे होऊ नका.

पहाटे निघायचं असेल तर टाक्या सोडणं, पाइप गुंडाळणं, ऑनिंग मिटणं आदल्या संध्याकाळीच उरका. डिझेल इंजिन अर्धा तास घुरघुरत ठेवायची गरज नसते. ते चालू करायच्या आधी बाकी सगळं आवरलेलं असावं. मधल्या रात्री किल्लीचं बटण दाबताना होणारा हॉर्नचा आवाज सेटिंगमधून बंद करता येतो, तो करा.

येणं-जाणं, दिवे, धूर, कुत्रा

दुसऱ्याच्या साइटमधून आडवं चालत जाणं म्हणजे लोकांच्या बैठकीतून जाणं. बाथरूम शंभर पावलं लांब पडलं तरी रस्त्यानेच जा, आणि मुलांना सायकल देण्याआधी हेच सांगा. तंबूचे किंवा ऑनिंगचे दोर हद्दीच्या आत बांधा आणि त्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लावा. दुसरी गाडी समोरच्या रस्त्यावर ठेवू नका, तिथून लांबलचक ट्रेलर वळायचे असतात.

बाहेरचा दिवा झोपताना बंद करा. रात्रभर ठेवायचाच असेल तर पायरीजवळचा मंद पिवळा पुरतो. पांढरी एलईडी पट्टी थेट शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीत जाते.

शेकोटीचा धूर बहुधा ओल्या लाकडाचा असतो. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा: खणखणीत आवाज आला तर सुकं, बद्द आला तर ओलं. ठिणगीने शेजाऱ्याच्या ऑनिंगच्या कापडाला भोक पडतं, त्यामुळे वारा त्याच्याकडे असेल तर त्या दिवशी शेकोटी नको. लाकूड घरून आणू नका, झाडं पोखरणारे किडे त्यातून पसरतात. ते जवळपासच विकत घ्या. विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा पाणी ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघा.

कुत्र्याचा पट्टा राष्ट्रीय उद्यानांत ६ फुटांपेक्षा लांब चालत नाही. त्याला गाडीत एकट्याला ठेवून दिवसभर फिरायला गेलात तर तो किती भुंकला हे तुम्हाला कळणार नाही, शेजाऱ्यांना कळेल.

शेजारीच चुकत असेल तर

एकदा स्वतः बोला, दिवसाउजेडी, त्याच्या साइटच्या कडेला उभं राहून हाक मारून. थेट दारावर थाप नको. नेमकं सांगा: 'तुमच्या जनरेटरचा धूर आमच्या मागच्या खिडकीतून येतोय, थोडा फिरवता का?' बहुतेकांना माहीतच नसतं आणि ते लगेच फिरवतात. नाही ऐकलं, किंवा पार्टी रंगात आलेली असेल, तर पुन्हा जाऊ नका. कॅम्प होस्ट (कॅम्पग्राउंडची देखरेख करणारा माणूस), रेंजर किंवा ऑफिसच्या रात्रीच्या नंबरवर साइट नंबर, काय चाललंय आणि किती वाजल्यापासून, एवढं कळवा. त्याचा ब्रेकर पाडणं, दोर सोडणं, त्याच्या खुर्च्या हलवणं असले उद्योग केले की साइट सोडायची पाळी तुमच्यावर येते.