बाळाला विषाणूची लागण होऊ नये म्हणून: पाजताना काय सांभाळायचं

गरोदरपणातल्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या झाल्यात, रिपोर्ट हातात आहे असं धरूनच पुढचं सांगते.

हिपॅटायटिस बी असेल तर घड्याळ सांभाळा. बाळाला पहिली लस 24 तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळत असेल तर तेही 12 तासांत. रात्री बाळंत झालात म्हणून ‘सकाळी बघू’ चालणार नाही. लस वेळेत मिळत असेल तर बिनधास्त पाजा.

एचआयव्ही असेल तर आईची एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी गोळी रोज, न चुकता. बाळाला नेव्हिरापिनचं, म्हणजे लागण रोखणाऱ्या औषधाचं सिरप साधारण 6 आठवडे. जोखीम जास्त असेल तर डॉक्टर 12 सांगतात. सिरप बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत थेंबथेंब सोडा. जिभेवर ओतलंत तर अर्धं दुपट्यावर येतं.

आता पाजणं. इथे मी स्वतः बरीच वर्षं चुकले. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे खरंच आहे. पण मी ते दरडावून सांगायचे. एका आईने घरच्यांनी पाजलेलं पाणी माझ्यापासून लपवलं आणि घाबरून अंगावर पाजणंच तोडलं. तोटा दुहेरी झाला. चुकून वरचं गेलं, तर पाजणं बंद करू नका. पुढचं वरचं थांबवा आणि गोळी चुकली नाही ना, ते आधी बघा. दुधातून होणारी लागण मुख्यतः त्या गोळीनेच रोखली जाते. एखादी चुकलीच तर लपवू नका, आम्हाला सांगा.

दुसरी गोष्ट स्तनाग्रांच्या चिरा. ‘सुरुवातीला दुखतंच’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दुखतंय म्हणजे बहुतेक वेळा बाळाने नीट धरलेलं नाही. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. नसेल तर कडेने करंगळी घालून सोडवा, पुन्हा लावा. एचआयव्ही असेल आणि एका बाजूने रक्त येत असेल किंवा गाठ येऊन ताप भरला, तर त्या बाजूचं दूध काढून फेका आणि दुसऱ्या बाजूने पाजा. काढायचं मात्र टाळू नका, दूध तुंबलं की दुखणं वाढतं. हिपॅटायटिस सीमध्ये पाजायला हरकत नाही, पण रक्त येत असेल तर तिथेही ती बाजू बरी होईपर्यंत थांबा.

दूध सोडवायचं तेव्हा महिनाभर घेऊन हळूहळू सोडवा. एचआयव्ही असेल तर बाळाची शेवटची तपासणी त्यानंतर तीन महिन्यांनी किंवा बाळ 18 महिन्यांचं झाल्यावर, यातलं जे उशिरा येईल तेव्हा. सहा आठवड्यांचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ती चुकवू नका.