ईस्पोर्ट्सची मोठी मॅच गर्दीत बसून कशी बघायची

१९ नोव्हेंबर २०२३ ची दुपार सगळ्यांनाच आठवत असेल, अहमदाबादला भारत-ऑस्ट्रेलिया फायनल होती. आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर ती लागलेली आणि मी कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन, एका कानात इयरफोन घालून दुसरीच फायनल बघत होतो, सोलच्या गोचोक स्काय डोममधली, लीग ऑफ लेजंड्स ह्या कॉम्प्युटर गेमची वर्ल्ड्स, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप, कोरियाची टी-वन विरुद्ध चीनची वेबो गेमिंग. तिकडे कमिन्सच्या बॉलवर कोहली बोल्ड झाला आणि ते अख्खं निळं स्टेडियम चिडीचूप झालं, आमचं घर पण. त्याच दुपारी एका कानात कोरियन लोकांचा नुसता कल्ला, कारण त्यांची टीम घरच्या डोममध्ये ३-० ने जिंकली. घरची गर्दी टीमला उचलते कशी आणि त्याच गर्दीचं ओझं होतं कसं, हे दोन्ही मी एकाच दिवसात बघितलं, आणि तेव्हापासून मी मोठी टूर्नामेंट बघताना आधी गर्दीकडे बघतो आणि मग गेमकडे.

हे सांगायचं कारण म्हणजे ओळखीतली बरीच पोरं म्हणतात की गेम आम्ही रोज खेळतो, रँक पण चांगली आहे, पण प्रो मॅच बघायला बसलो की तासाभरात कंटाळा येतो. मला वाटतं ह्यात गेमचा काही दोष नसतो. कोण कुठून आलंय, कोणाचा कोणाशी जुना हिशोब बाकी आहे आणि हॉलमधले लोक नक्की कोणासाठी घसा फोडतायत हे माहीत नसलं की समोर फक्त रंगीबेरंगी गोंधळ दिसतो. ते माहीत करून घेणं अवघड नाही, अर्धा तास लागतो.

तर पहिलं काम, टूर्नामेंट सुरू व्हायच्या आधी एक कागद घ्या आणि टीम रीजनप्रमाणे लिहून काढा. क्रिकेटमध्ये देश असतो, आयपीएलमध्ये शहर असतं, तसं इथे रीजन असतो. लीग ऑफ लेजंड्समध्ये कोरियाची लीग एलसीके आणि चीनची लीग एलपीएल ही मुख्य भांडणाची जोडी. व्हॅलोरंट ह्या बंदुकीच्या गेममध्ये अमेरिकाज, युरोप आणि आसपासचा ईएमईए, पॅसिफिक आणि चीन असे चार, त्यात आपण पॅसिफिकमध्ये येतो, मुंबईची ग्लोबल ईस्पोर्ट्स त्याच लीगमध्ये खेळते. काउंटर-स्ट्राइक ह्या दुसऱ्या बंदुकीच्या गेममध्ये युरोप, अमेरिका, आशिया. प्रत्येक टीमपुढे एवढंच लिहायचं की गेल्या दोन-तीन वर्षांत हिला मोठ्या स्टेजवर कोणी बाहेर काढलं. बस, एवढ्यावर मॅच उघडते.

उदाहरण २०२३ च्या वर्ल्ड्सचंच घ्या. यजमान कोरिया, आणि क्वार्टरफायनलला जेन.जी आणि केटी ह्या दोन कोरियन टीम चिनी टीमकडूनच हरल्या. सेमीफायनलला चारपैकी तीन टीम चीनच्या आणि कोरियाची एकटी टी-वन. समोर जेडीजी, जी त्या वर्षी चीनच्या लीगचा स्प्रिंग आणि समर सीझन आणि मधली एमएसआय ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा असं तिन्ही जिंकून आली होती, फक्त वर्ल्ड्स बाकी. ती मॅच १२ नोव्हेंबरला बुसानमध्ये झाली, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचा दिवस. दुपारी बाहेर आई आणि ताई रांगोळी काढत होत्या आणि मी आत. आता हे बघा की जेडीजीमध्ये रूलर होता, जो स्वतः कोरियन. हाच रूलर २०१७ ला सॅमसंग गॅलॅक्सीकडून बीजिंगच्या बर्ड्स नेस्टमध्ये फायनल खेळला, शेवटच्या गेममध्ये त्याने फेकरला, समोरच्या टीमच्या स्टारला, पकडलं आणि एसकेटी, म्हणजे आजची टी-वन, ३-० ने हरली. फेकर तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला होता. सहा वर्षांनी घरच्या गर्दीसमोर तिसऱ्या गेममध्ये फेकरने अझिर हे पात्र घेऊन मागून जाऊन त्याच रूलरला उचलून आपल्या टीममध्ये ढकललं, आणि बुसानच्या जिम्नॅशियममध्ये जो आवाज झाला तो साधा ‘मस्त खेळला’ वाला आवाज नव्हता. ज्याला २०१७ माहीत नाही त्याला ती फक्त एक चांगली मूव्ह दिसली असेल. आम्हाला अंगावर काटा आला.

ह्यातून अजून एक गोष्ट कळते, रीजन म्हणजे पासपोर्ट नव्हे. चिनी टीमकडून कोरियन खेळतात, फायनलला वेबोकडून खेळणारा दशाय पण कोरियनच, आणि तो २०१८ ला इंचॉनमध्ये चिनी टीमकडूनच वर्ल्ड्स जिंकलेला. त्यामुळे गर्दी कधीकधी समोरच्या टीमच्या माणसाला पण टाळ्या वाजवते, ते बघून गोंधळू नका.

आता प्रत्यक्ष जायचं असेल तर. परदेशात शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना हा चान्स जास्त मिळतो, कोलोन, लंडन, सिंगापूर, सोल, इकडे कुठेतरी वर्षात काहीतरी असतंच. सगळे धावतात फायनलच्या तिकिटाकडे. माझं मत वेगळं आहे, गर्दीसाठी जायचं असेल तर क्वार्टरफायनलचा दिवस घ्या, ज्या दिवशी यजमान टीम खेळते तो. २०२२ चं रिओचं मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकची सगळ्यात मोठी स्पर्धा, आठवा. ब्राझीलला मेजर २०२० मध्येच होणार होतं, कोविडमुळे गेलं, दोन वर्षं लोक वाट बघत बसले. ब्राझीलच्या फुरियाने क्वार्टरफायनलला नावीला हरवलं तेव्हा जेउनेस एरिनामध्ये फुटबॉलची मॅच असल्यासारखं वातावरण होतं. मग सेमीफायनलला हिरोइककडून फुरिया हरली आणि फायनल झाली हिरोइक विरुद्ध आउटसायडर्स, दोन्ही टीम बाहेरच्या. खेळ चांगला झाला, पण ज्या गर्दीसाठी जगभरातले लोक रिओकडे डोळे लावून बसले होते ती सेमीफायनलला संपली होती. कधी उलटंही होतं म्हणा, २०२३ ला पॅरिसच्या मेजरमध्ये फ्रान्सची व्हिटॅलिटी घरच्या लोकांसमोर कप घेऊन गेली. पण त्याची गॅरंटी कोणी देत नाही, क्वार्टरफायनलची बऱ्यापैकी असते.

सीट घेताना स्टेजच्या अगदी जवळची महागडी घेऊ नका, निदान पहिल्यांदा तरी. खेळाडू मॉनिटरमागे बसलेले असतात, डोक्याचा वरचा भाग दिसतो फक्त, आणि मोठा स्क्रीन बघायला मान वर करून बसावं लागतं, तीन तासांत मान धरते. थोडं मागे, मध्यभागी, चढावर असलेली जागा सगळ्यात चांगली, स्क्रीनही सरळ आणि खालची गर्दीही दिसते. मी एकदा एका कार्यक्रमाला बाजूची सीट घेतली होती, नकाशावर ठीक दिसत होती, जाऊन बघतो तर लायटिंगचा खांब मध्ये आणि मिनीमॅप, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा, बरोबर त्याच्या मागे. दिवसभर शेजाऱ्याला विचारत बसलो. त्यामुळे सीट घ्यायच्या आधी त्या हॉलचे आधीच्या कार्यक्रमांचे फोटो शोधून बघा. कानात घालायचे फोमचे बोळे नक्की न्या, कॉन्सर्टला नेतात तेच. फोन फुल चार्ज, पॉवरबँक आत चालते का ते आधी बघून ठेवा. आणि जेवण करून जा. बेस्ट ऑफ थ्री, ज्यात तीनपैकी दोन गेम जिंकायचे, म्हणजे सहज अडीच-तीन तास, बेस्ट ऑफ फाइव्ह चार-पाच तासांवर जातो, आणि दिवसात एकाहून जास्त मॅच असतात.

आत गेल्यावर काय बघायचं ते नीट सांगतो, कारण इथेच खरी मजा आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये तुम्हाला स्क्रीनवर भिंतीपलीकडचे खेळाडूसुद्धा दिसतात, रंगीत कडा असलेले. खेळाडूला ते दिसत नाही. म्हणजे समजा एक जण धुराकडे बंदूक रोखून उभा आहे आणि धुराच्या बरोबर मागे दुसरा, आणि पहिल्याला काही पत्ता नाही. दहा हजार लोकांना दिसतंय. अशा वेळी हॉलमध्ये आपोआप एक ‘उउउउ’ उठतो, आणि तो आवाज म्हणजे खेळाडूला मिळालेली माहिती असते. म्हणून खेळाडूंच्या कानात आधी छोटे इयरफोन असतात, त्यावर मोठा हेडसेट, आणि त्या हेडसेटमधून खरखर असा आवाज सोडलेला असतो, बाहेरचं काही ऐकू जाऊ नये म्हणून. डोटा ह्या गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, द इंटरनॅशनलला, बऱ्याच वर्षी टीमला काचेच्या बंद खोलीतच बसवलं. पण टेबल हादरतं, पायाखालची स्टेज थरथरते, ते कुठल्याही हेडसेटने थांबत नाही. तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे, बंदूक त्या जागेवर येत असताना ओरडू नका. ओठ दाबून धरा, गोळी सुटू द्या, मग काय छप्पर उडवायचं ते उडवा. तुमच्या आवाजाने राउंड फिरला तर तुमच्या लाडक्या टीमच्या जिंकण्यावरच लोक वर्षानुवर्षं बोट दाखवत बसतात.

राउंडच्या मध्ये मात्र मोकळं सुटायचं. बोस्टनच्या २०१८ च्या काउंटर-स्ट्राइक मेजरची फायनल शोधून बघा, क्लाउड९ विरुद्ध फेझ. एकीकडे पाच अमेरिकन, दुसरीकडे पाच देशांचे पाच युरोपियन, म्हणजे त्या हॉलमध्ये फेझला घरचं असं कोणी नाहीच. शेवटच्या मॅपवर, म्हणजे निर्णायक गेममध्ये, क्लाउड९ ११-१५ मागे, फेझला एक राउंड पाहिजे, आणि प्रत्येक राउंडनंतर ‘यूएसए यूएसए’. दोन ओव्हरटाइम गेले आणि २२-१९ ने क्लाउड९ जिंकली. उत्तर अमेरिकेच्या टीमने जिंकलेलं ते एकमेव मेजर. ती मॅच आवाज बंद करून दहा मिनिटं बघा आणि मग आवाज चालू करून बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आपल्याकडचं वातावरण जरा वेगळं असतं, ते पण समजून जा. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली होती, डोटा २ ची. महालक्ष्मीला उतरून चालत गेलो होतो, एप्रिलचं ऊन, पण आत शिरल्यावर एवढे डोटावाले एका छताखाली बघून खरंच भरून आलं, कारण तोवर आम्ही सगळे सायबर कॅफेत पाच-दहा जणांत बघणारे. फायनल चीनची कीन गेमिंग आणि आग्नेय आशियातली मिनेस्की ह्यांच्यात, आपलं कोणीच नाही, तरी लोक शेवटपर्यंत बसून होते. ३-२ ने कीन जिंकली. तिथे मी शिकलो की आपली टीम नसली तर सरळ एक बाजू निवडायची, उगाच तटस्थ बसायचं नाही. शेजारी बसलेल्याला विचारा तू कोणाचा, तो सांगेल आणि कारण पण सांगेल, तुम्ही दुसरी बाजू घ्या, पाच गेम कसे गेले कळत नाही.

बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरच्या बॅटलग्राउंड्सच्या टूर्नामेंटला गेलात तर रीजनचा हिशोब विसरा. तिथे गर्दी खेळाडूची असते, जोनाथनची, स्काउटची, आपल्या मुंबईच्या मॉर्टलची. एका लॉबीत, म्हणजे एकाच मॅचमध्ये, १६ टीम, ६४ जण, त्यामुळे हॉलमध्ये एकाच वेळी चार-पाच नावांच्या घोषणा चालू असतात. २०२४ ला हैदराबादच्या हायटेक्सला बीजीआयएस ह्या बीजीएमआयच्या मोठ्या टूर्नामेंटची फायनल तीन दिवस चालली आणि टीम एक्सस्पार्क जिंकली. असल्या फॉरमॅटमध्ये एकेका मॅचच्या मागे धावू नका. स्क्रीनवर पॉइंट टेबल आलं की फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या मॅचला फक्त तुमची टीम आणि तिच्या वर-खालच्या दोन टीम एवढंच बघा. तुमची टीम लवकर मेली तरी वरची टीम किती पॉइंट घेते ह्यात जीव अडकून राहतो, आणि शेवटच्या दिवशी शेवटच्या मॅचला अख्खा हॉल असाच मनातल्या मनात बेरजा करत असतो.

एक गोष्ट गंभीरपणे. रीजनचा अभिमान आणि समोरच्या देशाला शिव्या ह्यात फार मोठं अंतर नाही, आणि ते अंतर गर्दीत पटकन संपतं. समोरची टीम हरल्यावर तिच्या नावाने ओरडायचं काहीच कारण नसतं. ती १९-२० वर्षांची पोरं असतात बऱ्याचदा, समोर अख्खा हॉल विरोधात, आणि स्टेजवरून उतरून त्यांना त्याच लोकांच्या समोरून जायचं असतं. तेव्हा टाळ्या वाजवा. हरलेल्या टीमला टाळ्या मिळाल्या की ते मान वर करतात, हे मी जवळून बघितलंय.

जाता येत नसेल तर घरी चार-पाच जण जमवा, एकट्याने बघू नका. कोरियाची वेळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथली संध्याकाळ आपली दुपार, जमवायला सगळ्यात सोपी. ब्राझील साडेआठ तास मागे, तिथल्या मॅच आपल्याकडे रात्रभर चालतात, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तरच. सगळ्यांनी एकाच स्क्रीनवर बघा, कारण स्ट्रीम मागेपुढे असतात, बाजूच्या खोलीत कोणी मोबाईलवर तीच मॅच बघत असला तर तो वीस सेकंद आधी ओरडतो आणि तुमचा क्लच, म्हणजे एकट्याने राउंड फिरवायचा क्षण, वाया जातो. आणि कॉमेंट्रीचा आवाज थोडा कमी झाला तरी चालेल पण हॉलचा आवाज ऐकू येईल असा स्पीकर लावा.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर २०२५ च्या ऑस्टिन मेजरची फायनल काढा, व्हिटॅलिटी विरुद्ध द मंगोल्झ. मंगोलियाची टीम, लोकसंख्या आपल्या पुण्याहून कमी असलेला देश, आणि ती पोरं टेक्सासमध्ये जगातल्या नंबर एक टीमकडून एक मॅप घेतात. २-१ ने हरले. पण कागदावर आशियाच्या रकान्यात त्यांचं नाव लिहा आणि पुढे व्हिटॅलिटी लिहून ठेवा, पुढच्या वेळी हे दोघं समोरासमोर आले की तुम्हाला कोणी काही समजावून सांगायला लागणार नाही.