हाताला मुंग्या येतात? आधी नेमक्या कुठल्या बोटाला येतात ते बघा

हाताला मुंग्या येतात, हात बधिर होतो असं कुणाला सांगितलं की लगेच उत्तर येतं, बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिन कमी असेल, गोळ्या घे. मीही तेच केलं, चार महिने गोळ्या खाल्ल्या आणि त्रास होता तिथंच, कारण माझी नस मनगटात दाबली जात होती आणि कुठल्या बोटाला मुंग्या येतात हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

बाकी सगळं नंतर, आधी हे वाचा. हात अचानक, बसल्या बसल्या सुन्न किंवा लुळा पडला, आणि सोबत तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळतेय, त्याच बाजूचा पायही जड झालाय, तर तो स्ट्रोक असू शकतो. लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. दहा मिनिटांत सगळं नॉर्मल झालं तरी जायचंच, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. छातीत दडपण, घाम आणि हातात कळ असेल तरी थांबू नका, तिथं हृदयाचा प्रश्न असू शकतो.

असं काही नसेल तर एक पेन उशीशी ठेवा. रात्री मुंग्यांनी जाग आली की जिथं जिथं बधिर वाटतंय तिथं हातावरच खुणा करा आणि सकाळी फोटो काढून ठेवा. माझ्या खुणा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धीच बाजू अशा आल्या होत्या, करंगळी अगदी कोरी. अनामिकेच्या दोन्ही कडांवरून कापूस फिरवून बघा, मधल्या बोटाकडची कड बधिर आणि करंगळीकडची चांगली असेल तर मनगटातल्या नसेवर दाब असण्याची शक्यता बरीच वाढते. यालाच कार्पल टनेल म्हणतात. रात्री झोपेतून उठून हात झटकावासा वाटणं ही त्याची अगदी नेहमीची खूण, मी तर पहाटे पलंगाच्या कडेला बसून हात झटकत असायचे. घरी बघायचं तर दोन्ही मनगटं खाली वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा आणि 1 मिनिट तसंच धरा, त्याच बोटांना मुंग्या आल्या तर संशय पक्का करायला डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात, थायरॉइड कमी असेल तेव्हा, डायबिटीसमध्ये हे जास्त दिसतं. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावला तर सुरुवातीच्या त्रासात खूप फरक पडतो.

खुणा करंगळी आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागावर आल्या तर कोपराकडे बघा. कोपर आपटल्यावर करंट लागल्यासारखं होतं ना, तीच नस. कोपर दुमडून तासन्‌तास मोबाईल कानाला लावणं, टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसणं, हात दुमडून झोपणं, यानं ती ताणली आणि दाबली जाते. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपा म्हणजे तो पूर्ण दुमडणार नाही.

मुंग्या मानेतून किंवा खांद्यातून खाली उतरतात, मान वळवली की वाढतात, हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, तर मानेच्या मणक्यात नस दबत असेल. पण शर्टाची बटणं लावता येईनात, हातातून वस्तू पडायला लागल्या, चालताना तोल जातोय किंवा लघवीवर ताबा राहत नाही, तर दबाव थेट मज्जारज्जूवर असू शकतो आणि तिथं मानेचे व्यायाम करत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

दोन्ही हातांना एकसारखं होतंय? मग एखाद्या नसेवरच न थांबता पूर्ण शरीराचं कारणही शोधावं लागतं. डायबिटीसमध्ये बहुतेक वेळा पायापासून सुरुवात होते, हात नंतर, त्यामुळे पायांचंही डॉक्टरांना सांगा. बी ट्वेल्व्हची कमतरता खरंच असू शकते, विशेषतः मांस-मासे-अंडी न खाणाऱ्यांना आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांना, पण गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त तपासा, नाहीतर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि काही कळत नाही. आणि 'नसांसाठी' म्हणून मनानं घेतलेल्या बी सिक्सच्या मोठ्या डोसनं उलट नसाच खराब होतात, हे खूप जणांना माहीत नसतं. दारू, केमोथेरपीची आणि टीबीची काही औषधं हीसुद्धा कारणं आहेत, मात्र चालू औषध स्वतःहून बंद करू नका.

घाबरल्यावर भराभर श्वास घेतला की ओठांभोवती आणि दोन्ही हातांना मुंग्या येतात, श्वास संथ झाला की त्या जातात. थंडीत बोटं पांढरीफटक पडत असतील तर प्रश्न रक्तप्रवाहाचा. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथं स्पर्शच कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजू नका, तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि उशीर झाला तर नसा कायमच्या जातात.

डॉक्टरांकडे जाताना हातावरच्या खुणांचा फोटो, मुंग्या कधी येतात, काय केल्यानं जातात आणि चालू औषधांची यादी एवढं घेऊन जा. साधारणपणे साखर, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह तपासतात आणि गरज वाटली तर नसांची एनसीव्ही टेस्ट (नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघणारी) करतात, त्यात छोटे छोटे शॉक देतात, दचकायला होतं पण सहन होतं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा बसका दिसायला लागला असेल तर ही भेट पुढच्या महिन्यावर ढकलू नका, स्नायू वाळायला लागलाय आणि तो पुन्हा भरून येईलच असं नाही.