इंग्लंडात घर घेतलंत? आता दाराचं बघू

घराच्या किल्ल्या हातात आल्या की आपल्या मंडळींना सगळ्यात आधी दार खुपतं. स्वयंपाकघर पुढच्या वर्षी झालं तरी चालेल, पण यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, ते पांढरं दार नको. लाकडी हवं, तोरण शोभेल असं हवं. हौस रास्त आहे. फक्त ऑर्डर देण्याआधी दार बदलायचा हक्क तुमच्याकडे आहे का, ते बघा. भाड्याच्या घरात घरमालकाला विचारल्याशिवाय काहीच नाही. लीजहोल्ड फ्लॅट असेल, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलेला, तर आत तुम्ही राहता एवढ्यानं दार तुमचं होत नाही. लीज नीट वाचा. शिवाय सामायिक जिन्याकडे उघडणारं दार साधारणपणे फायर डोअर लागतं, म्हणजे अर्धा तास आग थोपवणारं आणि आपोआप मिटणारं. जानेवारी २०२३पासून इंग्लंडात ११ मीटरपेक्षा उंच इमारतींमधली अशी दारं दर बारा महिन्यांनी तपासायची जबाबदारी इमारत सांभाळणाऱ्यांवर आहे. तिथे कोरीव सागवानी दार लावलंत तर पत्र येणारच. घर लिस्टेड (वारसा म्हणून सरकारी यादीत) असेल किंवा कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपलेल्या भागात असेल, तर आधी काउन्सिलला विचारा.

यातून सुटलात, तर मापाकडे वळा. इथली दारं ठरलेल्या मापांत मिळतात. १९८१ बाय ८३८ मिलिमीटर हे नेहमीचं, बोलताना ७८ बाय ३३ इंच म्हणतात. जुन्या व्हिक्टोरियन घरांच्या चौकटी मात्र क्वचितच काटकोनात असतात, तेव्हा रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. जाडीही बघा: दुकानात ओकचं दार म्हणून स्वस्तात दिसतं ते पुष्कळदा खोल्यांमधलं, ३५ मिलिमीटरचं असतं. बाहेरचं दार ४४ मिलिमीटरचं.

आणि ओक म्हणजे आतून-बाहेरून ओक असं समजू नका. बऱ्याच दारांत आत चिकटवलेल्या पट्ट्यांचा गाभा आणि वर ओकचा पातळ विनीअर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, असतो. ते काही वाईट नाही, उलट असं दार कमी वाकतं; पण सँडरचं मशीन जोरात चालवलंत तर विनीअर पार होतो. रंगच द्यायचा असेल तर माझं मत अकोयाला. रेडिएटा पाइनवर रासायनिक प्रक्रिया करून हे लाकूड नेदरलँड्समधल्या आर्नहेमला तयार करतात. ते पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे फुगणं-आटणं अगदी कमी, आणि जमिनीच्या वरच्या वापराला कुजण्याविरुद्ध ५० वर्षांची हमी मिळते. भारतातून वाड्याचं जुनं दार कंटेनरमध्ये घालून आणायची कल्पना दर दिवाळीला कुणीतरी मांडतंच. दोन झडपांचं दार, मधल्या फटीतून वारा, आणि विमा कंपनीला चालेल असं कुलूप त्यात बसवणं जिकिरीचं. आणाच हवं तर, पण बैठकीच्या भिंतीवर लावा.

आता खरी गोष्ट, जिच्यापायी चांगली दारं वाया जातात. आपल्याकडे दार पावसाळ्यात फुगतं आणि दिवाळीपर्यंत जागेवर येतं. इथे हिवाळ्यात दाराच्या दोन बाजूंना दोन ऋतू असतात: बाहेर नोव्हेंबरची ओल, आत रेडिएटरची कोरडी ऊब. एक बाजू पाणी पिते, दुसरी आटते, आणि दार धनुष्यासारखं वाकतं. म्हणून फिनिश सहाही बाजूंना हवं. पुढची-मागची बाजू आणि उभ्या कडा सगळेच रंगवतात. वरची आणि खालची कड दिसत नाही म्हणून राहून जाते, आणि नेमकी तिथेच उभ्या पट्ट्यांची तोंडं उघडी असतात. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते तिथूनच. हमीच्या कागदावर ही अट बहुधा बारीक अक्षरांत असते.

बसवणाऱ्याला आधीच सांगा: दार चौकटीत बेतून बघायचं, लागेल तेवढा रंधा मारायचा, बिजागऱ्या-कुलपाच्या खाचा पाडायच्या, आणि मग दार उतरवून खाचांच्या आतसुद्धा ब्रश फिरवायचा. एका दिवसाचं काम लांबतं म्हणून तो कुरकुरेल. कुरकुरू द्या. पैसे चुकते करण्याआधी वरच्या कडेवरून बोट फिरवा, दाराखाली छोटा आरसा सरकवून बघा. कोरं लाकूड दिसलं तर दार पुन्हा उतरवायला लावा. दार बसेपर्यंत ते घरातच आडवं, सपाट ठेवा. भिंतीला तिरकं टेकवलं की बाक येतो. नुकतं प्लॅस्टर केलेल्या खोलीत तर नकोच.

लाखेचं पॉलिश इथल्या बाहेरच्या दाराला विसरा, पाण्यानं ते पांढरं पडतं. पारदर्शक वॉर्निशचा मोहही आवरा. दार दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे असेल, तर वॉर्निशमधून ऊन आत जातं, लाकडाचा वरचा थर सुटतो आणि पापुद्रे निघायला लागतात. लाकडाच्या रेषा दिसायलाच हव्या असतील तर सॅडोलिन किंवा सिकन्स या ब्रँडचा रंगछटा असलेला वुडस्टेन, म्हणजे रेषा न झाकणारा लाकडाचा रंग, घ्या. वर पोर्च नसेल तर सरळ रंग द्या, पण उन्हातल्या दाराला काळा नको, फार तापतो. तीन हात, प्रत्येक दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपरनं घासा. मे ते सप्टेंबर हे दिवस बरे. शेवटचा हात दुपारी उशिरा देऊ नका, संध्याकाळच्या दवानं धुरकट होतो.

ओकचं एक वेगळंच पथ्य. त्यात टॅनिन असतं. लोखंड आणि ओल एकत्र आली की निळे-काळे डाग पडतात. म्हणून स्टील वूलनं घासायचं नाही. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी नाहीतर स्टेनलेस.

तोरणासाठी दारात खिळा ठोकू नका, त्या भोकातून पाणी आत जातं. चौकटीला आतून हूक लावा. सकाळी उंबरठ्यावर पाणी घालायची सवय असेल तर ओल्या फडक्यावर भागवा. फिकट ओकवर हळद पडली तर लगेच पुसा.

राहिलं कुलूप. विम्याच्या फॉर्मवर पाच लिव्हरचं मॉर्टिस लॉक (दाराच्या कडेत खाच पाडून बसवलेलं कुलूप), ब्रिटिश स्टँडर्ड ३६२१, आहे का असं बहुधा विचारतात. नसताना ‘हो’ लिहिलंत तर चोरीनंतरचा दावा अडकू शकतो, तेव्हा दाराबरोबरच ते बसवून घ्या आणि त्यावरची काइटमार्कची, म्हणजे ब्रिटिश दर्जाची, खूण बघा. दारातच लेटरबॉक्सची फट असेल, तर किल्ल्यांची खुंटी दाराजवळ नको. फटीतून काठी घालून किल्ल्या ओढणारे चोर इथेही आहेत.