छपराचा क्लेम आणि ‘कोड मागतो’ हे दोन शब्द

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या दक्षिणेकडचं एक घर. ८ मे २०१७ ची गारपीट होऊन गेली होती. त्या एका दुपारने विमा कंपन्यांवर सुमारे २.३ अब्ज डॉलरचा बोजा टाकला, आणि आमच्या टेबलांवर फाइलींचा डोंगर. मी नुकतीच विमा कंपनीत डेस्क ॲडजस्टर म्हणून लागले होते, म्हणजे ऑफिसात बसून नुकसानीचे दावे तपासायचे आणि दुरुस्तीच्या खर्चाचं एस्टिमेट लिहायचं. सांगलीहून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन आलेली, त्यामुळे छप्पर आपल्याला कळतं असं वाटायचं.

त्या घराच्या एस्टिमेटमध्ये मी आइस बॅरियरचा एकच पट्टा लिहिला. वळचणीला बर्फ साचून पाणी उलटं शिंगल्सखाली, म्हणजे छपरावर एकावर एक ठोकलेल्या पातळ चकत्यांखाली शिरतं, ते अडवणारा हा चिकट थर. रोल ३६ इंच रुंद, समोरची नि मागची वळचण मिळून ८० फूट, म्हणून २४० चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टरने माझ्या कागदाबरहुकूम तेवढाच टाकला. अर्धं काम झाल्यावरच्या इन्स्पेक्शनला शहराचा माणूस आला, त्याने टेप लावला आणि काम थांबवलं. लावलेल्या शिंगल्सच्या खालच्या ओळी उचकटाव्या लागल्या. घरमालकीण एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. आवाज जराही न चढवता त्यांनी फोनवर विचारलं, “तुम्ही लिहिलं होतं तेवढंच केलं ना त्यांनी?” होय, तेवढंच केलं होतं. चूक माझी होती.

कुठे चुकले ते नीट सांगते, कारण नवे लोक आजही इथेच चुकतात. आयआरसी म्हणजे निवासी बांधकामाचा आंतरराष्ट्रीय कोड. त्यातलं कलम आर ९०५.१.२ सांगतं की हा थर छपराच्या खालच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच गेला पाहिजे. मोजायचं भिंतीपासून, कडेपासून नाही. त्या घराचं छप्पर भिंतीबाहेर २४ इंच आलेलं होतं. म्हणजे आडवं अंतर ४८ इंच. उतार १२ ला ६, म्हणजे १२ इंच आडवं गेलं की ६ इंच उंची, त्यामुळे उतारावरून तेच अंतर जवळजवळ ५४ इंच. ३६ इंचांचा पट्टा भिंतीच्या थोडा आत जाऊन संपत होता. पट्टे दोन हवे होते. उतार १२ ला ८ किंवा त्याहून जास्त असेल तर आणखी एक अट येते: उतारावरून किमान ३६ इंच.

पण हे कलम पाठ करून भागत नाही. कोलोरॅडोत राज्यभर लागू असा एकच निवासी कोड नाही. प्रत्येक शहर, प्रत्येक काउंटी आपापली आवृत्ती स्वीकारते, त्यात स्वतःच्या दुरुस्त्या करते. आइस बॅरियर हवा की नको हेसुद्धा कोडचं पुस्तक ठरवत नाही. आर ३०१.२ चा तक्ता त्यात रिकामा छापलेला असतो. बर्फाचा भार, वाऱ्याचा वेग, आइस बॅरियर हो की नाही, हे सगळं स्थानिक अधिकारी भरतात. आणि टपालाच्या पत्त्यावर तर अजिबात विसंबू नका. पत्त्यावर ‘लिटलटन’ लिहिलेली कितीतरी घरं लिटलटन शहरात नाहीतच, ती जेफरसन किंवा अरापाहो काउंटीच्या हद्दीत येतात. परमिट कोण देणार हे आधी काउंटीच्या नकाशावर पाहा, मग कोड उघडा.

आता पैशांचं. कोड बांधकाम कसं करायचं ते सांगतो, पैसे कोण देणार ते सांगत नाही. ते पॉलिसी सांगते. घराच्या साध्या पॉलिसीत कायद्यामुळे वाढलेला खर्च मुळात वगळलेला असतो, आणि ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ नावाच्या वेगळ्या कव्हरेजने तो परत आत घेतलेला असतो. बऱ्याच पॉलिसींत ही मर्यादा घराच्या विम्याच्या १० टक्के असते. घराचा विमा ४ लाख डॉलरचा असेल तर ४० हजार. काहींत जास्त, काहींत अजिबात नाही. म्हणून डिक्लरेशन पेज (कव्हरेज आणि मर्यादा लिहिलेलं पहिलं पान) आणि जोडलेली एंडॉर्समेंट्स (पॉलिसीत बदल करणाऱ्या पुरवण्या) वाचल्याशिवाय घरमालकाला हो किंवा नाही, काहीच बोलू नका.

इथे एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ड्रिप एज घ्या. पागोळ्या फळीवर न मुरता पन्हाळीत पडाव्यात म्हणून कडेला ठोकलेली पत्र्याची पट्टी. २०१२ च्या आवृत्तीपासून आयआरसीत शिंगल्सच्या छपराला ती वळचणीला आणि तिरप्या कडांना सक्तीची आहे. जुन्या छपराला ती होती आणि छपराबरोबर बदलावी लागतेय, तर तो मूळ नुकसानीचा भाग. तो घराच्या मुख्य कव्हरेजमधून द्यायचा. जुन्या छपराला नव्हतीच आणि आता परमिटसाठी लागतेय, तरच ती कोड अपग्रेड. होती ती पट्टी ‘कोड’च्या खात्यात टाकली की घरमालकाची मर्यादा विनाकारण खर्ची पडते, आणि ते कव्हरेज नसेल तर हक्काचे पैसेच बुडतात. म्हणून पाहणीला जाणाऱ्याला सांगा, वळचणीची शिंगल हलकेच उचलून कडेचा जवळून फोटो घे. नुसता लांबून काढलेला छपराचा फोटो या प्रश्नाला उत्तर देत नाही.

सगळ्यात मोठा आकडा फळीत, म्हणजे शिंगल्स ज्यावर ठोकतात त्या लाकडी थरात लपलेला असतो. जुन्या लाकडी शेकच्या, म्हणजे फोडलेल्या लाकडाच्या चकत्यांच्या छपराच्या घरांना बऱ्याचदा खाली सलग फळी नसते, अंतर सोडून ठोकलेल्या पट्ट्या असतात, आपल्याकडच्या कौलाखालच्या रिपांसारख्या. पुढे कोणीतरी त्यावर डांबरी शिंगल्स मारलेल्या सापडतात. कोडनुसार डांबरी शिंगल्सना सलग फळी लागते. छप्पर उघडल्यावर हे कळतं आणि एका दिवसात एस्टिमेट काही हजारांनी वाढतं. जुने दोन थर असतील तर तिसरा वर चढवता येत नाही, तोडकाम फळीपर्यंत करावं लागतं. घर जुनं असेल तर पोटमाळ्यातून वर पाहून घ्यायला सांगा. पट्ट्या तिथून स्पष्ट दिसतात.

कॉन्ट्रॅक्टरच्या पत्रात ‘कोड मागतो’ एवढंच असेल तर कलम, आवृत्ती आणि कोणत्या हद्दीचा कोड हे विचारा, शांतपणे. पण उत्तर आलं की ते मनापासून तपासा. आपल्या ॲडजस्टरांपैकी काही जण ‘कोड नाही, ही तर निर्मात्याची सूचना’ म्हणून मागणी परत पाठवतात. आर ९०५.१ वाचलं तर कळेल की छपराचं आवरण निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे बसवणं हीच कोडची अट आहे. शिंगल्सच्या पाकिटावर दर शिंगलला सहा खिळे लिहिले असतील आणि तिथल्या वाऱ्याला ते लागू असतील, तर सहाच. शंका राहिली तर परमिट ऑफिसला ईमेल करा, पत्ता आणि कामाचं स्वरूप लिहून. आलेलं उत्तर फाइलला जोडा. फोनवर मिळालेली तोंडी हमी सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

आणि पहिला चेक पाठवताना घरमालकाला साध्या शब्दांत सांगा की तो घसारा वजा करून आलाय, आणि कोडचे पैसे खर्च प्रत्यक्ष झाल्यावर मिळतात. त्यासाठी लागणारे कागद म्हणजे परमिट, अंतिम बिल आणि झाकण्याआधी टेप लावून काढलेले फोटो. त्याला मुदत असते. पॉलिसीतून शोधून ती तारीख त्यांना पत्रात ठळक लिहून द्या. त्या शिक्षिकेच्या फाइलमध्ये दुसरा पट्टा आणि पुन्हा केलेल्या कामाची मजुरी आम्ही त्याच आठवड्यात मंजूर केली, पण ती तारीख मात्र त्यांनी मला विचारली, मी आपण होऊन सांगितली नव्हती.